मराठी माध्यमातून पाचवीत जाताना: इंग्रजीचा सराव आणि सामान्य ज्ञान एका वहीत कसं बसवावं?

वाळपईची_आई

मुलगा गोव्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चौथीत आहे. पाचवीत गेला की गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळं इंग्रजीतून. इंग्रजी धडा तो अडखळत का होईना वाचतो. सामान्य ज्ञानाची मराठी प्रश्नोत्तरं त्याला तोंडपाठ आहेत. तोच प्रश्न इंग्रजीत आला की मात्र एका शब्दात उत्तर देतो आणि थांबतो. रोज पाऊण तास हाताशी आहे. इंग्रजीची वही वेगळी आणि सामान्य ज्ञानाची वेगळी ठेवावी का? इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहू द्यावेत का? जाणकारांनी नेमकं सांगावं.

खडूफळा

ताई, वही एकच ठेवा. दोन केल्या की सामान्य ज्ञान म्हणजे सुट्या शब्दांची यादी होते आणि इंग्रजी म्हणजे रिकाम्या जागा भरणं होतं. पाचवीच्या समाजशास्त्राच्या पेपरात दोन्ही एकदम लागतं. माहिती ठाऊक हवी आणि ती पूर्ण वाक्यात मांडता आली पाहिजे. म्हणून मुलाला मराठीत जे पक्कं येतं तेच आधी इंग्रजीत आणा. नवी माहिती आणि नवी भाषा एकाच दिवशी अंगावर टाकली की दोन्ही निसटतात.

रोज तीन माहित्या पुरे. प्रत्येकीची तीन वाक्यं लिहून घ्यायची: विधान, प्रश्न, नकार. उदाहरण घ्या:

'द झुआरी फ्लोज इन्टू द अरेबियन सी.'
'डझ द झुआरी फ्लो इन्टू द अरेबियन सी?'
'द झुआरी डझ नॉट फ्लो इन्टू द बे ऑफ बेंगॉल.'

इथे मूल दोन ठिकाणी चुकतं. मराठीत शेवटी 'का' जोडलं की प्रश्न होतो, शब्द जागचे हलत नाहीत. म्हणून ते विधानच सूर चढवून विचारतं. दुसरं म्हणजे 'डझ' आल्यावरही 'फ्लोज' तसंच ठेवतं. त्याला दाखवा की 'फ्लोज'च्या शेवटचा एस उचलून 'डझ'मध्ये गेला, आता तो दोन ठिकाणी असू शकत नाही. पेन्सिलीने तो एस गोल करून 'डझ'कडे बाण काढायचा. बाण काढलेली दहा-बारा वाक्यं झाली की चूक बरीच कमी होते.

भूतकाळात हेच 'डिड'चं. 'गोवा बिकेम अ स्टेट इन १९८७', पण 'व्हेन डिड गोवा बिकम अ स्टेट?' भूतकाळ 'डिड'ने घेतला, क्रियापद पहिल्या रूपावर आलं. 'डिड बिकेम', 'डिड वेन्ट' असं दिसलं की फक्त खाली रेघ मारा, दुरुस्ती त्याला करू द्या.

आणखी एक. मराठीत 'गोवा मुक्त झाला' म्हणतो, त्यामुळे मूल 'गोवा लिबरेटेड ऑन...' लिहितं. त्याचा अर्थ गोव्याने दुसऱ्या कोणाला तरी मुक्त केलं असा होतो आणि वाक्य अर्धवट लटकतं. 'गोवा वॉज लिबरेटेड' हवं. 'वॉज बिल्ट', 'वॉज हेल्ड', 'वॉज बॉर्न' ही रूपं सामान्य ज्ञानात सतत लागतात. ती सुटी न शिकवता अशा वाक्यांतूनच पक्की करा.

नदीला 'शी' आणि पुलाला 'ही' लिहिलेलंही सापडेल, कारण मराठीत ती नदी आणि तो पूल. निर्जीव वस्तूला 'इट', एवढा एकच नियम पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मांडवीतीर

खडूफळा यांचं वाचून तारखांबद्दल भर घालतो. गोव्याच्या चार तारखा मुलं हमखास एकमेकींत मिसळतात. १८ जून १९४६ क्रांतिदिन, १९ डिसेंबर १९६१ मुक्तिदिन, १६ जानेवारी १९६७ जनमत कौल, ३० मे १९८७ घटकराज्य. नुसती यादी पाठ केली तर आठवड्यात घोळ होतो. प्रत्येक तारखेला तिचं स्वतःचं क्रियापद द्या:

'राम मनोहर लोहिया स्पोक इन मडगाव ऑन १८ जून १९४६.'
'गोवा वॉज लिबरेटेड ऑन १९ डिसेंबर १९६१.'
'द पीपल व्होटेड ऑन १६ जानेवारी १९६७.'
'गोवा बिकेम अ स्टेट ऑन ३० मे १९८७.'

बोलले, मुक्त झाला, मतदान केलं, राज्य झालं. क्रियापद वेगळं असलं की तारीख त्याला धरून राहते. महिन्यांची नावं आणि वर्ष अर्थातच इंग्रजी अक्षरांत, इंग्रजी अंकांत लिहून घ्यायचं. जनमत कौलापुढे 'टू रिमेन अ युनियन टेरिटरी' एवढं जोडा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, हा प्रश्न होता. कौल राज्य होण्यासाठी होता असं पुष्कळ मुलं लिहितात, ते चूक आहे. राज्य त्यानंतर वीस वर्षांनी झालं.

याच वाक्यांत 'ऑन' आणि 'इन'चा सराव होतो. पूर्ण तारीख किंवा वार असेल तर 'ऑन'. नुसतं वर्ष, नुसता महिना, शहर, राज्य यांना 'इन'. मराठीत '१९८७ मध्ये' आणि '३० मे रोजी' हा फरक आहेच, तो मुलाला आधीच येतो. त्यावरच हात ठेवा.

'द' कुठे लावायचा हेही इथेच शिकवून टाका. नद्या, समुद्र, डोंगररांगा यांना लागतो: 'द मांडवी', 'द अरेबियन सी', 'द वेस्टर्न घाट्स'. गाव, तालुका, राज्य, एखादा तलाव यांना नाही: 'पणजी', 'सत्तरी', 'गोवा', 'मये लेक'. मराठीत ही भानगडच नसल्यामुळे मूल एक तर सगळीकडे लावतं नाहीतर कुठेच नाही. भिंतीवर गोव्याचा नकाशा लावून बोट ठेवेल त्याचं नाव 'द'सह किंवा 'द'विना म्हणायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

पाटी_पेन्सिल

उच्चार देवनागरीत लिहू देण्याबद्दल: शब्दाच्या डोक्यावर अजिबात नको. डोळा ओळखीच्या लिपीकडे धावतो, खालचं स्पेलिंग पाहिलंच जात नाही. मूल फाडफाड वाचतंय असं वाटतं. श्रुतलेखन घेतलं की खरं कळतं.

त्याऐवजी शब्दावरच खुणा करा. न उच्चारलं जाणारं अक्षर पेन्सिलीने हलकं खोडायचं: 'आयलंड'मधला एस, 'नॉलेज'मधला पहिला के. दोन अक्षरांचा मिळून एक आवाज असेल तर त्यांच्याखाली जोडरेघ.

मराठी मुलांच्या उच्चारात कुठे लक्ष द्यायचं तेही सांगते. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना आपण 'व' म्हणतो. 'व्हिलेज'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, 'वॉटर'साठी ओठांचा चंबू करायचा, दात लागता कामा नये. आरसा समोर धरला की मुलं दोन दिवसांत शिकतात. 'शिप' आणि 'शीप' यांतली लांबी आपण बोलताना सोडून देतो, ती मुद्दाम ताणायला लावा.

सगळ्यात जास्त चुका क्रियापदाच्या शेवटच्या 'इडी'त होतात. मूल 'वॉकेड', 'कॉलेड' वाचतं. आवाज तीनच आहेत. 'वॉक'सारख्या कठोर आवाजानंतर 'ट', म्हणून 'वॉक्ट'. 'कॉल'सारख्या मृदू आवाजानंतर 'ड', म्हणून 'कॉल्ड'. शेवटी आधीच 'ट' किंवा 'ड' असेल तरच 'इड', म्हणून 'लिबरेटेड', 'व्होटेड'. मांडवीतीर यांच्या वाक्यांत हा तिसरा प्रकार आलाच आहे.

शब्दवेल

@पाटी_पेन्सिल, डोक्यावर नको हे मान्य. पण सरसकट बंदीही मला पटत नाही. जिथे अक्षरांवरून उच्चार कळायला काही मार्गच नाही (उदाहरणार्थ 'कर्नल' किंवा 'क्यू'), तिथे घरी इंग्रजी सांगणारं कोणी नसेल तर मूल काय करणार? असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर देवनागरी उच्चारासह लिहू द्या. पान उलटून पाहावं लागलं की आधी आठवून पाहण्याची सवय लागते.

पाटी_पेन्सिल

शेवटचं पान चालेल. फक्त ते पान भरू देऊ नका. आठवड्याला पाच शब्द, आणि पक्का झालेला शब्द खोडायचा.

प्रश्नमंजुषा

सामान्य ज्ञानाच्या बाजूचं मी सांगतो. बाजारातली बरीच पुस्तकं वर्षानुवर्षं तशीच छापली जातात. मुलाला देण्याआधी काही उत्तरं तपासाच.

राज्यं २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२० पासून एक झाले. २९ आणि ७ दिसलं तर पुस्तक जुनं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषा २२. कोकणी त्यात १९९२ साली आली, तेव्हा हा आकडा १८ झाला होता आणि काही पुस्तकांत तोच राहिला आहे. अभिजात भाषा आता ११, मराठीला हा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. ग्रह ८, प्लूटो २००६ पासून बटुग्रह. भारताचा समुद्रकिनारा सगळीकडे ७,५१६.६ किलोमीटर छापलेला असतो. जास्त बारकाईच्या नकाशांवरून केलेल्या नव्या मोजणीत तो ११,०९८.८१ भरला. किनारा काही वाढलेला नाही, खाड्या-वळणं अधिक तपशिलाने मोजली गेली. मुलाला हे कारणासकट सांगा. शाळेच्या परीक्षेत मात्र शाळेच्या पुस्तकातला आकडा लिहायचा.

हॉकी राष्ट्रीय खेळ आणि हिंदी राष्ट्रभाषा, ही दोन्ही उत्तरं चूक आहेत. भारताने अधिकृत राष्ट्रीय खेळ जाहीर केलेला नाही आणि राज्यघटनेत राष्ट्रभाषा नाही. हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. गोव्यापुरतं म्हणाल तर १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी कोकणी राजभाषा, आणि मराठीही सरकारी कामासाठी वापरता येते. प्रश्नमंजुषेत हे अर्धंच विचारतात, म्हणून पूर्ण माहीत हवं.

'अटल सेतू' या उत्तरावर गोव्यातली मुलं फसतात, कारण या नावाचे पूल दोन आहेत. पणजीचा मांडवीवरचा केबलचा पूल २०१९ चा. मुंबईत शिवडी ते न्हावा-शेवा समुद्रावरचा २०२४ चा, सुमारे २१.८ किलोमीटर. देशातला सर्वांत लांब सागरी पूल विचारला तर उत्तर मुंबईचा.

वहीत दोन रंग ठेवा. न बदलणारं पेनने: नद्या, ऐतिहासिक तारखा, ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ. बदलू शकणारं पेन्सिलीने, आणि समासात तपासल्याची तारीख: मुख्यमंत्री, राज्यपाल, जिल्हे-तालुक्यांची यादी, विक्रम. राज्यवृक्षही पेन्सिलीने, कारण काही पुस्तकांत माट (ऐनाचं झाड) आहे आणि काहींत माड. राज्यप्राणी गवा.

मांडवीतीर

@प्रश्नमंजुषा, 'गोव्यावर पोर्तुगीजांनी ४५१ वर्षं राज्य केलं' हेही त्या यादीत घाला. १५१० मध्ये आल्बुकर्कने जिंकली ती तिसवाडी. बार्देश आणि सासष्टी त्यानंतर काही दशकांनी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा सगळा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेला, म्हणूनच त्याला नव्या काबिजादी (नंतर जिंकलेला मुलूख) म्हणतात. वाळपईच्या मुलाने आपल्या सत्तरीबद्दल ४५१ वर्षं लिहिणं बरोबर नाही. तिथे राणे पोर्तुगीजांशी पुन्हा पुन्हा लढले, दिपाजी राणे यांचं १८५२ चं बंड तर नाणूसच्या किल्ल्यापासूनचं.

प्रश्नमंजुषा

रास्त मुद्दा. वाक्य असं करावं: 'पोर्तुगीज रूल इन गोवा लास्टेड फ्रॉम १५१० टू १९६१.' किती भागावर, हे पुढच्या वाक्यात. 'फ्रॉम' आणि 'टू'चाही सराव होतो.

वाळपईची_आई

सगळ्यांचं वाचतेय, वहीत उतरवूनही घेतलं. दोन अडचणी आणखी. गावांची नावं: ऐकतो डिचोली आणि स्पेलिंग भलतंच. आणि आकडे: इंग्रजीत सांगितलेला आकडा लिहिताना उलटा करतो.

खडूफळा

आकड्यांचं कारण साधं आहे. 'सव्वीस' म्हणताना आपण आधी सहा म्हणतो मग वीस. इंग्रजीत आधी 'ट्वेन्टी', मग 'सिक्स'. मूल मनातल्या मनात मराठी करतं आणि २६ चं ६२ होतं. उपाय: आकडा ऐकल्याबरोबर पहिला शब्द ऐकूनच दशकाचा अंक लिहायला लावा, दुसऱ्याची वाट पाहायची नाही. रोज दहा आकडे, बहुतेक २१ ते ९९ मधले. 'थर्टीन-थर्टी', 'फिफ्टीन-फिफ्टी' या जोड्या त्यात मुद्दाम मिसळा. 'टीन'वर जोर आणि लांबी, 'टी' आखूड.

वर्ष वाचताना दोन-दोन अंकांच्या जोड्या: 'नाइन्टीन सिक्स्टी-वन'. २००० ते २००९ ची वर्षं मात्र 'टू थाउजंड' धरून वाचायची. मोठ्या संख्येत आपला लाख-कोटीचा स्वल्पविराम ठेवा: २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५, म्हणजे 'फोर्टीन लॅख फिफ्टी-एट थाउजंड...'. मिलियन नंतर बघू.

शब्दवेल

गावांच्या नावांबद्दल. ही स्पेलिंगं पोर्तुगीज पद्धतीची आहेत, म्हणून इंग्रजी नियमाने सुटत नाहीत. शेवटचा एम हा पोर्तुगीज भाषेत स्वर नाकातून म्हटल्याची खूण, तो इंग्रजीसारखा 'म' म्हणून वाचायचा नाही असं आधी सांगा. मग एकसारखी नावं एका गठ्ठ्यात द्या. एम-शेवटाची: डिचोली, पेडणे, केपे, साखळी, कुंकळ्ळी. केपे आणि साखळीत 'क'-'ख'साठी क्यू-यू. सासष्टीत मधला 'स' सीने लिहितात. डिचोली तेवढी बीने सुरू होते, ती सुटीच लक्षात ठेवावी लागते. कदंबा (गोव्याच्या सरकारी) बसच्या पाट्या आणि रस्त्यावरचे फलक हा उत्तम सराव आहे: आधी इंग्रजी वाचायचं, मग देवनागरी बघून ताळा करायचा.

श्रुतलेखनाची पद्धत: शब्द पाहा, झाका, लिहा, उघडून अक्षर-अक्षर जुळवा. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावू नका. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर हात चालतो, डोकं थांबतं. फक्त चुकलेलं अक्षर लाल करून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, मग आठवड्याने.

खाजनशेत

उताऱ्यावरच्या प्रश्नांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पाचवीत गुण तिथेच जास्त जातात. उतारा परका असेल तर मूल भाषा आणि विषय दोन्हींशी झगडतं. सुरुवातीला उतारा गोव्यातला, त्याने पाहिलेला किंवा ऐकलेला द्या. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या शेतातलं मानस घ्या, म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी दार. मी वर्गासाठी असा उतारा करतो:

'अ मानस इज अ वुडन गेट इन द बंड. व्हेन द टाइड कम्स इन, द वॉटर पुशेस द गेट शट. द सॉल्ट वॉटर स्टेज आउट. व्हेन द टाइड गोज आउट, द गेट ओपन्स अँड द एक्स्ट्रा वॉटर फ्लोज आउट ऑफ द फील्ड.'

एखादी गोष्ट कशी चालते हे सांगताना साधा वर्तमानकाळ लागतो, विज्ञानाचं सगळं पुस्तक त्याच काळात आहे. मुलं इथे 'इज कमिंग', 'इज ओपनिंग' करतात, कारण मराठीत 'येत आहे' सहज तोंडात येतं. नेहमी घडतं ते 'कम्स', आत्ता डोळ्यांसमोर घडतंय ते 'इज कमिंग'. हा भेद या एका उताऱ्यावर पक्का होतो.

प्रश्न सोडवताना आधी प्रश्नाचा पहिला शब्द गोल करायचा. 'व्हेअर'ला जागा, 'व्हेन'ला वेळ, 'हू'ला माणूस, 'व्हाय'ला 'बिकॉज'. मग उताऱ्यात ती ओळ शोधून क्रमांक टाकायचा. मग प्रश्नातलेच शब्द वापरून उत्तर. 'व्हाय डझ द सॉल्ट वॉटर स्टे आउट?' याचं उत्तर 'द सॉल्ट वॉटर स्टेज आउट बिकॉज द टाइड पुशेस द गेट शट.' 'डझ' गेला, एस परत क्रियापदाकडे आला. खडूफळा यांचा बाण उलटा फिरला.

'कॉल्ड ॲज' खोडत जा. 'इट इज कॉल्ड अ मानस' बरोबर, 'नोन ॲज' बरोबर. दोन्हींची खिचडी मोठ्यांच्या लिखाणातही सापडते.

मांडवीतीर

पाऊण तासाची वाटणी माझ्या मते अशी: दहा मिनिटं मोठ्याने वाचन (फोनवर ध्वनिमुद्रण करून त्यालाच ऐकवा, अडलेल्या जागा तोच दाखवतो), पंधरा मिनिटं तीन माहित्यांची वाक्यं, दहा मिनिटं आकडे आणि श्रुतलेखन, उरलेली दहा जुन्या पानांवर तोंडी प्रश्न. शेवटची दहा कापू नका. नवीन तीन राहिली तरी चालतील.

वाचायला काय द्यावं, तर नवप्रभा (मराठी) आणि नवहिंद टाइम्स (इंग्रजी) एकाच संस्थेची दैनिकं आहेत. त्याच दिवशीची गोव्याची एखादी छोटी बातमी दोन्हींत सापडते. आधी मराठी वाचली की इंग्रजीतले निम्मे शब्द अंदाजाने कळतात. पणजीला पाटो इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात दोन्ही भाषांची बालपुस्तकंही आहेत, तालुक्याचं ग्रंथालय जवळ असेल तर तिथे आधी विचारा.

वाळपईची_आई

आज बातमीचा प्रयोग केला. इंग्रजी मथळ्यात कालची गोष्ट वर्तमानकाळात आहे आणि 'द' कुठेच नाही. मुलगा म्हणतो, मग मलाच का लावायला लावता?

खडूफळा

बरोबर विचारलं त्याने. मथळ्याचे नियम वेगळे असतात: जागा वाचवायला 'द' आणि 'वॉज' गाळतात, आणि घडून गेलेलंही वर्तमानकाळात लिहितात. 'टू' असेल तर ते पुढे घडणार आहे. म्हणून मथळा वाचायला द्यायचा नाही, सोडवायला द्यायचा. 'मिनिस्टर ओपन्स न्यू ब्रिज इन सत्तरी' असा मथळा असेल तर त्याने वहीत 'द मिनिस्टर ओपन्ड अ न्यू ब्रिज इन सत्तरी येस्टरडे' असं पूर्ण वाक्य करायचं. मग बातमीचा पहिला परिच्छेद वाचून ताळा पाहायचा: 'द', 'अ', काळ आणि दिवस. आठवड्याला तीन मथळे भरपूर झाले. खेळाच्या पानावरचे आधी घ्या, त्यांत क्रियापदं सोपी असतात.